मापांच्या वहीतली आई

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र फोडलंस, उपकार झाले. फोनवर मी तोंड उघडलं की तू "आईला दे" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आई बरी आहे. या रविवारी ती तुझ्याशी दोनच मिनिटं बोलली, ते तुला खटकलं असणार, म्हणून कळवते. तिच्या पाठीत लचक भरली आहे. काहीतरी उचलायला वाकली आणि कळ आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असं व्हायचंच. शेक देते, मलम चोळते आणि अंथरुणातून अजिबात हलू देत नाही. जेवण तिथेच, चहा तिथेच. ती कुरकुरते, पण मी ऐकून घेत नाही.

दुकान ठीक चाललं आहे. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, त्यामुळे पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

कळवणं माझं कर्तव्य होतं, ते केलं. उत्तर पाठवायलाच हवं असं काही नाही.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं पोटात ठेवून बारा दिवस काढले, आता लिहूनच टाकते.

लचक नाही. आईचा पाठीचा मणका दबलाय. दुखणं हटेना म्हणून शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. बाकीचे मणके चौकोनी, आणि हा एक पुढून चेपलेला. "हाडं विरळ झाली आहेत, ऑस्टिओपोरोसिस म्हणतात याला," असं त्या म्हणाल्या. आईने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाली, "नाव एवढं लांबलचक, आणि हाड बघा केवढंसं!" डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

कारण ते "काहीतरी उचलायला वाकली" मधलं काहीतरी माझं होतं. गणवेशाच्या कापडाचा तागा. मी मशीनवर होते, शिवण मध्यात होती, मान न वळवता म्हटलं, "आई, तेवढा खालचा तागा दे गं." ती खुर्चीतूनच वाकली, वळली आणि तिने तागा उचलला. "आई गं" एवढंच तिच्या तोंडून आलं आणि तागा हातातून सुटला. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, "अगं, मळेल ना तो!"

आता तूच सांग, लायकीच्या गोष्टी मी कोणाला शिकवाव्यात?

पुढचं ऐक. मी तिला दहा दिवस झोपवून ठेवलं हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दुखणं फार होतं तेव्हा दोन-तीन दिवस पडून राहणं ठीक, म्हणाल्या, पण त्यापुढे नाही. हाड जिवंत असतं म्हणे. जुनं झिजत असतं, नवं भरत असतं. वय झालं की झीज पुढे जाते आणि भर मागे पडते. त्यात माणूस अंथरुणाला खिळलं की भर आणखीच थंडावते आणि पायांतलं बळही जातं. मग उठलं की तोल जातो, पडतं, आणखी काही मोडतं. म्हणजे मी सेवा म्हणून जे करत होते, ते आईच्या मुळावर येत होतं. आई हे सगळं मान डोलवत ऐकत होती. मला चार माणसांत बोलणी बसताना बघून तिची अर्धी पाठ तिथेच बरी झाली असावी.

मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी हाड मोडलं होतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मनगट. तीन वर्षांपूर्वी."

"कसं?"

"पडून."

"उंचावरून?"

"नाही. उभ्या उभ्या. फरशीवर घसरून."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जे म्हणाल्या ते मी आज लिहीत नाही. पुढच्या पत्रात लिहिते, नक्की लिहिते.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

आज दुकान बंद ठेवून लिहायला बसले आहे. दारावर "काम आहे" अशी पाटी लावली. कुणी हसलं तर हसो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उभ्या माणसाचं नुसतं पडून मनगट मोडतं, म्हणजे हाडं आधीच कमजोर असतात. ती पहिली सूचना होती. तेव्हाच तपासणी करायला हवी होती." मग त्यांनी आईला भिंतीशी उभं करून उंची मोजली. पाच फूट अर्धा इंच. आई म्हणाली, "चूक आहे. मी पाच फूट तीन इंच आहे." पुन्हा मोजली. तेवढीच भरली. "अडीच इंच एका दिवसात जात नाहीत," बाई मला म्हणाल्या. "तुम्ही रोज यांच्याजवळ असता. कपडे लांब व्हायला लागले, असं कधी वाटलं नाही?"

ताई, मी शिंपीण आहे. माझ्यासारखीला हा प्रश्न!

घरी येऊन मापांची वही काढली. आईचं पान तुला आठवत असेल, सगळ्यात पहिलं. दहा वर्षांपूर्वीचा गाऊन: पुढून बावन्न इंच, मागून बावन्न. सहा वर्षांपूर्वी पुढून एक्कावन्न. चार वर्षांपूर्वी साडेपन्नास. मागच्या वर्षी एकोणपन्नास. मागून मात्र दर वेळी बावन्नच. म्हणजे पाठ वाकत होती, पुढचं कापड जमिनीला लागत होतं आणि मी दर नव्या गाऊनला पुढून थोडं थोडं छाटत होते. स्वतःच्या हाताने लिहून ठेवत होते आणि एकदाही ते पान वाचलं नाही.

का, ते तुलाच कळेल, कारण आपण दोघी एकाच हाताखाली शिकलो. आईने पहिल्या दिवशी काय बजावलं होतं? गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. एक खांदा खाली असेल तर त्या बाजूला गुपचूप अस्तर भरायचं. पोट सुटलं असेल तर "कापड आटलंय" म्हणायचं. माणसाला त्याचं व्यंग दाखवायचं नाही, कपड्यात जिरवून टाकायचं. पस्तीस वर्षं हेच केलं. आईच्या गाऊनचा घोळ जमिनीला लागला तेव्हा हात आपसूक कात्रीकडे गेला आणि तोंड आपसूक मिटलं. वरून भीती अशी, की माझी कापणी चुकतेय असं तिला वाटलं तर ती मला सोलून काढील. काल तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचंच, मी बुटकी होतेय. पण तू काही बोलली नाहीस, म्हटलं तुझं लक्ष नसेल. उगाच कशाला घोर लावा?" एकमेकींना जपता जपता आम्ही दोघींनी मिळून हा पराक्रम केला.

आता खरं सांगते. आई तुझ्याकडे पडली ती तीन वर्षांपूर्वी. साडेपन्नास मी लिहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी. तुझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायच्या आधीच तिची हाडं पोकळ व्हायला लागली होती आणि ते माझ्या वहीत माझ्या अक्षरात होतं. फरशी ओली होती हे खरं. पण फरशी कुणाकडे ओली नसते? माझ्या दुकानात चिंध्या, दोरे, रिळं, काय म्हणशील ते जमिनीवर असतं. ती इथे पडली नाही हे माझं नशीब, त्यात माझी हुशारी नव्हती.

आणि मी तुला तुझ्या सासरच्या माणसांसमोर, तुझ्याच घरात, म्हटलं होतं, "आईला सांभाळायची तुझी लायकी नाही."

चुकले, ताई. रागाच्या भरात बोलले, असं म्हणून सुटका करून घेत नाही. ते मी गाडीत पाठ करत आले होते. मला माफ कर. आणि आत्ता जमणार नसेल तर ते राहू दे बाजूला, पण एक कर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी बायका कोण? मी तुझं सांगितलं, सत्तावन्न वर्षं, अंगाने काडी, एकेचाळिसाव्या वर्षी अंडाशयांसकट पिशवी काढलेली. त्या म्हणाल्या, "त्यांना आधी तपासून घ्यायला सांगा. आई अशी असली आणि पाळी लवकर बंद झाली, तर हाडं लवकर विरळ होतात." हाडांची घनता मोजतात. नुसतं टेबलावर पडून राहायचं असतं, सुई नाही, काही नाही. विरळ हाड दुखत नाही गं. मोडेपर्यंत ते चकार शब्द काढत नाही. माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर, पण तपासणी करून घे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. रविवारी तू आईशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास, पत्राचं नाव नाही. ठीक आहे, मी लिहीत राहते. नाहीतरी आता मला सोमवारी सकाळी अर्धा तास रिकामा मिळतो.

तो असा. आईला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, आणि चहा तर मुळीच नाही. गोळी घशात अडकून राहिली तर अन्ननलिका पोळते म्हणून ताठ बसायचं. पहिल्या सोमवारी मी पाणी आणायला वळले तेवढ्यात तिने ती कालच्या उरलेल्या गार चहाबरोबर गिळली आणि वर म्हणाली, "पाणी काय, चहा काय, पोटात एकच." डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, चहाबरोबर ती अंगी लागतच नाही, आजची फुकट गेली. तेव्हापासून मी समोर बसते, पोलिसासारखी. ती घड्याळाकडे बघते, मी तिच्याकडे बघते.

दिवसाची घडी छान बसली आहे. सकाळी कोवळं ऊन खात आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि येतो. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, आई तिला तोंडावर "हवालदार" म्हणते. कट्ट्याला धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पाठ भिंतीला टेकून ताठ उभं राहायचं. पहिल्या दिवशी आई एकदाही हात न टेकता उठू शकली नाही. आता सहा वेळा उठते आणि सातव्यांदा दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवायला उठते. दही, अंडी, डाळी, पालेभाजी, सगळं पोटात जातंय. पुढच्या खोलीत पायाखाली आता एक दोरा सापडायचा नाही. ती ताठ पाठीच्या खुर्चीत उशी लावून बसते आणि बटणं लावते, कापड मी वरच्यावर तिच्या हातात देते. "मी मोडकी नाही, दुरुस्तीला आलेली आहे," असं तिने कालच एका बाईला सुनावलं.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असं चाललं होतं. परवाच्या सोमवारी, त्या अर्ध्या तासात, मी तिला विचारलं, "आई, मी ताईला बोलले तेव्हा तू गप्प का बसलीस? तूच म्हणाली असतीस की तिची चूक नाही, तर मी थांबले असते."

तिने आधी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला तुझ्याबरोबर परत यायचं होतं. ज्याच्या हातचं जेवायचं, त्याच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?"

ताई, मी उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. मला वाटायचं, आई माझ्याकडे आहे म्हणजे ती माझ्या बाजूची आहे. ती मला घाबरत होती. माझ्या हातची आमटी जेवता जेवता घाबरत होती. परत आले तर म्हणते, "झाला का अर्धा तास?" मी चहा ठेवला. आणि तिला सांगितलं, यापुढे रोज एकदा तरी माझ्याशी वाद घालायचा. तेव्हापासून ती दिवसाला तीन घालते आहे आणि घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

माझीही तपासणी झाली. घनतेचा आकडा उणे एक पूर्णांक आठ. म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, गोळी अजून नको, पण चालायचं, वजन पेलणारा व्यायाम करायचा आणि मशीनवर कुबड काढून बसायचं नाही. उणे अडीचच्या खाली गेलं की आजार धरतात. तुझा आकडा काय?

धाकटी


१९ मार्च

ताई,

काल तू फोन केलास तेव्हा दुकानात एक बाई अर्ध्या बाहीत उभी होती, दंडाला टाचण्या लावलेल्या. मी "आईला देते" म्हटलं आणि तू म्हणालीस, "आईला नको, टाचणे, तुझ्याशीच बोलायचंय." तीन वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. पुढचं अर्धं मला नीट ऐकूच आलं नाही.

जे ऐकू आलं ते असं. तुझा आकडा उणे दोन पूर्णांक सात. गोळी सुरू झाली. मी उलट्या काळजाची. तीन वर्षं साधं पत्र लिहायला मला काय धाड भरली होती? तुझ्या सासूबाई अजून ओल्या फरशीवरून तुला टोमणे मारतात, ते कुणामुळे? आणि मी पाठ करून आले होते हे लिहायची काय गरज होती, ते वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस. सगळं कबूल. फक्त एकावर माझं म्हणणं आहे. कॅल्शियमची गोळी तू सोमवारच्या गोळीबरोबर घेतेस, ते चूक आहे, ती दुपारी जेवणानंतर घ्यायची. यावर तू जे ओरडलीस ते त्या बाईलाही ऐकू गेलं. तिने विचारलं, "भांडण चाललंय का?" मी म्हटलं, "हो, बहीण आहे माझी."

फोन ठेवला तर आई दारात उभी. "काय म्हणाली?"

"शिव्या दिल्या."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि बटणं लावायला बसली. काल तिने सगळी बटणं उलट्या बाजूला लावली. मी मुकाट उसवून पुन्हा लावली.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

हे पत्र आईच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवते आहे. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाची परवानगी दिली. दोन महिने आई तुझी.

गाऊन चार दिले आहेत, नवे. या वेळी तिला समोर उभं करून, तिला सांगून मापं घेतली, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. घोट्याच्या वर ठेवलेत म्हणजे पायात येणार नाहीत. सपाता दिलेल्या नाहीत, टाच धरणारे बूट आहेत, ते घरातही घालायचे. उठवताना तिचा हात ओढू नको, काखेत हात घालून उचलू नको. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती स्वतः उठते, तू नुसती जवळ उभी राहा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली, मग हाताने रेटा. वाकून काही उचलायला देऊ नको. ती ऐकणार नाही, तेव्हा वस्तूच कमरेच्या उंचीवर ठेव. न्हाणीघरात धरायला दांडी लावून घेतलीस म्हणालीस, छान केलंस. सोमवारी तुम्ही दोघी एकदमच गोळी घ्या आणि अर्धा तास एकमेकींवर पहारा ठेवा. मला त्या अर्ध्या तासाचा आत्ताच हेवा वाटतोय.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. तिला फार जपू नको. भाजी निवडायला दे, कपडे घडी करायला दे, दुकानातून काही आणायला बरोबर ने. नुसती बसवून ठेवलीस तर ती मऊ पडेल आणि तुला घाबरायला लागेल. तिने वाद घातला की समज, तब्येत उत्तम आहे.

तिला गाडीत बसवून परत येणार आहे, तेव्हा घर कसं लागेल ते ठाऊक नाही. काल तिची खुर्ची मी दोनदा पुसली. पण दोन दिवस ती नुसतं तुझंच नाव घेतेय, पिशवी तीनदा भरून झाली आणि गालावर लाली आहे. तिला इतकी खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मीही खूश आहे, खरंच.

इतकं सगळं केलंस, डोळ्यांत तेल घालून सांभाळलंस, तरी ती पडू शकते. माझ्याकडेही पडू शकते. पडलीच, तर सासूबाईंच्या आधी मला फोन कर. मिळेल त्या गाडीने येईन. आल्यावर पहिला चहा तुझ्यासाठी टाकेन, तुझ्याजवळ बसेन, आणि मग आत जाऊन आईला बघेन. आईला विचारलंय मी. तिला चालेल म्हणाली.

तुझी,
टाचणी